एकास शंभर

खडकवासल्याच्या शेडमध्ये माझा समुद्र आहे.
बत्तीस पावलं लांब, एकोणीस रुंद,
वर पत्रा, पत्र्याखाली कबुतरं.
पाणी धरणाचं, म्हणून गोडं.
तळ सिमेंटचा. चोरघे मिस्त्रींनी
नकाशातल्या रेषांबरहुकूम थापीनं ओढलेला.
एका कोपऱ्यात त्यांचा अंगठा उमटून राहिलाय;
खऱ्या बंदरात तिथे खळगा असेल
असं मी धरून चालते.

प्रमाण एकास शंभर.
भरती-ओहोटीचे साडेबारा तास
इथे सव्वा तासात उरकतात.
मी डबा खाऊन येते, तोवर
पाच तास गेलेले असतात तिथले.

एकवीस वर्षं लाटा मोजतेय.
आधी कोळशाच्या बोटी होत्या, खताच्या,
लाकडाच्या, हातभर,
पोटात छर्रे भरून वजन जुळवायचं.
कोण कुठे चाललंय, हा प्रश्नच नव्हता.
माल चाललाय, एवढं पुरे होतं.

मग झाहिर आला, त्या बेटांवरून,
तीन आठवडे, आपल्या बंदराची मापं घेऊन.
डोंगर त्यानं आयुष्यात पाहिला नव्हता.
सिंहगडावर दम खात विचारलं,
इथून समुद्र दिसत नाही?
म्हटलं, नाही.
मग रात्री तुम्ही लोक
कसल्या आवाजावर झोपता?
मला आजवर उत्तर सुचलेलं नाही.

आपल्याच बंदराच्या तोंडाशी
तो जांभळं औषध सोडायचा चिमूटभर,
आणि रंग बाहेर कसा जातो
ते उकिडवा बसून बघत राहायचा.
तेव्हा त्यांची गस्तीची बोट आपण दिलेली होती,
धक्काही आपणच मोजत होतो.

गेल्या दिवाळीत त्याचं पत्र आलं:
ताई, आता दुसरे लोक मोजतात आमचं बंदर.
त्यांची शेड फार मोठी आहे.
खाली, पिठल्याची आठवण येते.

त्याचं बंदर आम्ही घणानं फोडलं.
जागा हवी होती.
दोन दिवस लागले; मिस्त्रींचं काम पक्कं.
त्याच फरशीवर आता आपलं एक बंदर आहे.
खोली बारा मीटर होती, पंधरा करा असं आलंय.
का, ते कागदावर नाही.
विचारायचंही नसतं.
पण मापावरून शिंप्याला कळतंच,
घरात काय चाललंय.

डोणज्यात आमच्या भावकीत
काकांनी बोअर घेतली, दोनशे फूट.
मग अप्पांनी साडेतीनशे.
मग काकांनी सहाशे.
दोघंही शपथेवर सांगायचे,
कुणाच्या वाइटावर नाही, आपली सोय बघतोय.
आता एकच टँकर
आधी एकाच्या दारात थांबतो, मग दुसऱ्याच्या,
आणि आधी कुणाच्या, यावर भांडण आहे.

भाचा, प्रणीत, इथेच समोरच्या तलावात
शीड सांभाळायला शिकला.
परवा फोन आला, मध्ये मध्ये तुटणारा.
कुठे आहेस रे?
पाण्यावर, म्हणाला.
मी पंधराचा आकडा ऐकला होता,
त्यानं विचारला नाही, मी सांगितला नाही.

कधी सुट्टीत हिशेब करते:
आमच्या प्रमाणात झाहिरचं बेट
साधारण स्वारगेटला पडेल.
बसनं पाऊण तास.
पण शेडला भिंत आहे.
पलीकडचा किनारा मॉडेलमध्ये येत नाही,
तेवढं सिमेंट मंजूर होत नाही.
त्या बाजूला भिंतीवर नुसता बाण रंगवलाय,
खाली लिहिलंय: खुला समुद्र.

संध्याकाळी यंत्र बंद करते.
लाट तरीही जाते त्या भिंतीपर्यंत,
आपटते आणि परत येते,
आपलीच, पण पलीकडून आल्यासारखी.
पाणी शांत होईतो
नोंद घ्यायची नाही, असा नियम आहे.

वही मिटून मी काठावर बसते.
पूर्वी पाच मिनिटं पुरायची.